ऑनर्सची तयारी पहिल्या सत्रापासूनच हवी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

बारावीनंतरचे प्रवेश होऊन सातारा जिल्ह्यातील महाविद्यालयांत प्रथम वर्षाचे वर्ग भरू लागले आहेत. येत्या पंधरा-वीस दिवसांत ठिकठिकाणी नवागतांचे स्वागत होईल. दीपप्रज्वलन, गुलाबाचे फूल, प्राचार्यांचे दोन शब्द, पाहुण्यांचे मार्गदर्शन, आभार, आणि मुले आपापल्या वर्गात. हा समारंभ जरूर व्हावा. घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणाऱ्या मुलामुलींना त्याचे मोल असते. पण चार वर्षांच्या ऑनर्स पदवीच्या वाटेवर आलेल्या मुलाला त्या दिवशी जे सांगायलाच हवे, ते सांगायचे राहून जाते. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येणार की नाही, याचा हिशेब पहिल्या सत्राच्या पहिल्या चाचणीपासूनच सुरू होतो. ही गोष्ट पाचव्या सत्रात कळली तर हातात फारसे काही उरत नाही.

आधी रचना थोडक्यात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला धरून विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा आराखडा दिला. त्यात पहिल्या वर्षाअखेर किमान ४० क्रेडिट (अभ्यासाच्या तासांवरून ठरणारे एकक), दुसऱ्याअखेर ८०, तिसऱ्याअखेर १२० आणि चौथ्याअखेर १६० आहेत. आपल्या राज्यात सत्राला साधारण २२ क्रेडिट धरतात, म्हणून हेच आकडे ४४, ८८, १३२ आणि १७६ होतात. पहिल्या वर्षानंतर थांबणाऱ्याला प्रमाणपत्र आणि दुसऱ्यानंतर थांबणाऱ्याला पदविका मिळते, मात्र त्यासाठी चार क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम जादा करावा लागतो. तिसऱ्यानंतर पदवी, चौथ्यानंतर ऑनर्स. स्वायत्त महाविद्यालयांत हे २०२३-२४ पासून आले आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून. म्हणजे संलग्न महाविद्यालयांतील पहिली तुकडी २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षात बसेल. आपल्याकडे शिवाजी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये आहेत, तसेच साताऱ्याचे कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ हे समूह विद्यापीठही, म्हणजे काही महाविद्यालये मिळून झालेले विद्यापीठ, आहे. तपशिलात थोडा फरक, चौकट एकच.

चौथ्या वर्षाला दोन वाटा फुटतात. एक साधी ऑनर्स, म्हणजे मुख्य विषयाचे वरच्या पातळीचे पेपर. दुसरी संशोधनासह ऑनर्स, म्हणजे मार्गदर्शकाच्या हाताखाली संशोधन. आयोगाच्या आराखड्यात त्यासाठी १२ क्रेडिटचा प्रबंध आहे. या दुसऱ्या वाटेची अट अशी, की पहिल्या सहा सत्रांत मिळून ७५ टक्के किंवा त्याच्या तोडीची श्रेणी हवी. सहाही सत्रे मोजली जातात. शेवटच्या वर्षी जोर लावून एकूण टक्केवारी वर काढायची, ही अनेक वर्षांची आपली सवय इथे अपुरी पडते.

आकड्यांत पाहू. सोयीसाठी सहाही सत्रांचे वजन सारखे धरू. सरासरी ७५ हवी म्हणजे सहा सत्रांच्या टक्क्यांची बेरीज ४५० हवी. एखाद्या मुलीला पहिल्या सत्रात ६० आणि दुसऱ्या सत्रात ६२ मिळाले, तर १२२ झाले. उरलेल्या चार सत्रांत ३२८ हवेत, म्हणजे प्रत्येक सत्रात ८२. अवघड आहे. तिलाच पहिल्या वर्षी ६८ आणि ७० मिळाले असते, तर पुढची सरासरी ७८ पुरली असती. ते नेटाने अभ्यास करणाऱ्या मुलीच्या आवाक्यातले आहे. हे गणित पहिल्याच आठवड्यात प्रत्येक वर्गाच्या फळ्यावर मांडायला पाच मिनिटे लागतात.

पहिल्या सत्रात गुण नेमके कुठे जातात, तेही ठरलेले आहे. मुख्य विषयाच्या पेपरांकडे मुले लक्ष देतात. भाषेचा पेपर, भारतीय ज्ञान प्रणाली, मूल्यशिक्षण, कौशल्याचा पेपर, खुला वैकल्पिक विषय हे दोन-दोन क्रेडिटचे पेपर ‘सहज सुटतील’ म्हणून मागे पडतात. त्यांचे तास बहुधा वेळापत्रकाच्या कडेला असतात, सकाळचा पहिला किंवा दुपारचा शेवटचा. लांबून एसटीने येणाऱ्या मुलांचे तेच तास बुडतात. मग परीक्षेच्या आदल्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानातल्या नोट्स. पण सत्राची श्रेणी काढताना प्रत्येक पेपरचा दहापैकी श्रेणीगुण त्याच्या क्रेडिटने गुणतात, सगळ्यांची बेरीज करतात आणि एकूण क्रेडिटने भागतात. समजा २२ पैकी १४ क्रेडिट मोठ्या विषयांचे आणि ८ क्रेडिट छोट्या पेपरांचे आहेत. मोठ्या विषयांत सरसकट ९ श्रेणीगुण आले आणि छोट्यांत ५, तर १२६ अधिक ४० म्हणजे १६६. त्याला २२ ने भागले की ७.५५ येतात. छोट्यांत ५ ऐवजी ७ मिळवले तर १८२ भागिले २२, म्हणजे ८.२७. मोठ्या विषयांत एकही गुण न वाढवता एवढा फरक पडतो. छोट्या पेपरांचे तास मधल्या वेळेत आणणे हे वेळापत्रक समितीच्या हातात आहे, आणि ते व्हायला हवे. तीन तुकड्या एका सभागृहात बसवून घेतलेल्या तासाला मुले टिकत नाहीत, हे सगळ्याच प्राध्यापकांना ठाऊक आहे.

अंतर्गत मूल्यमापनाचेही तसेच. चाचणी, गृहपाठ, सेमिनार यांचे गुण सत्र चालू असतानाच पडत जातात. प्रवेश उशिरा झालेल्या मुलाला पहिला गृहपाठ देऊन झाला आहे, हेच माहीत नसते. बारावीपर्यंत सीईटीच्या तयारीने पर्याय निवडण्याची सवय झालेली असते आणि इथे दहा गुणांचे सलग उत्तर लिहायचे असते. त्यासाठी पहिल्या तीन आठवड्यांत निदान एकदा, गुण न धरता, एक मोठे उत्तर वर्गात लिहून घ्यावे आणि तपासून परत द्यावे. माध्यमाची अडचण असेल तर तीही तेव्हाच दिसते. इंग्रजी माध्यमाच्या अभ्यासक्रमातही स्थानिक भाषेत उत्तरे लिहू द्यावीत, असे आयोगाने २०२३ मध्ये विद्यापीठांना सुचवले होते. आपल्या विषयाला आपल्या विद्यापीठात ती मुभा आहे का, हे मुलांना पहिल्या दिवशीच स्पष्ट शब्दांत सांगावे. परीक्षेच्या खोलीत विचारण्याची ती गोष्ट नाही.

यानंतरची बाब कागदपत्रांची आहे, आणि तिथेच सर्वांत जास्त मुले अडकतात. मिळवलेले क्रेडिट अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे एबीसीत जमा होतात. त्यासाठी अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा बारा अंकी कायमचा ओळख क्रमांक लागतो आणि तो डिजिलॉकरमधून मिळतो. डिजिलॉकरचा ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो. अनेक मुलांचे आधार लहानपणी काढलेले असते आणि त्याला जोडलेला नंबर वडिलांचा जुना, केव्हाच बंद पडलेला असतो. दुसरी अडचण नावाची. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव. आधारवर नाव आधी. त्यात इंग्रजी स्पेलिंगमधला एखादा जादा ‘ए’ किंवा ‘डब्ल्यू’च्या जागी ‘व्ही’. विद्यापीठाच्या पीआरएनवरचे, म्हणजे कायम नोंदणी क्रमांकावरचे नाव आणि अपारवरचे नाव जुळले नाही, की निकाल लागतो पण क्रेडिट खात्यात चढत नाहीत. कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण गुणपत्रिका तर हातात असते. उलगडा होतो तो दुसऱ्या विद्यापीठात जाताना किंवा मध्ये वर्षभर थांबून परत येताना.

दुरुस्तीचा क्रम चुकवू नये. आधी दहावीच्या प्रमाणपत्रावरचे स्पेलिंग पाहावे आणि तेच कायम धरावे. मग आधार केंद्रात मोबाइल नंबर स्वतःचा करून घ्यावा आणि गरज असेल तर नाव दुरुस्त करावे. आधारमध्ये नाव दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून घाईत काहीतरी करून येऊ नये. त्यानंतर डिजिलॉकर, त्यानंतर आयडी, आणि शेवटी तो आयडी पीआरएनसह कार्यालयात देऊन नोंद झाल्याची खात्री. कुणी आधीच, बहुधा नेट कॅफेत जाऊन, एक खाते उघडलेले असेल तर दुसरे उघडू नये. जुनेच शोधून काढावे. क्रेडिट विद्यार्थ्याला स्वतः भरता येत नाहीत, ते संस्थाच चढवते. म्हणून दर निकालानंतर महिन्याभरात डिजिलॉकर उघडून त्या सत्राचे क्रेडिट आले का ते पाहायचे आणि नसतील तर परीक्षा विभागाकडे लेखी अर्ज करून पोच घ्यायची. महाविद्यालयांनी स्वागताच्या आठवड्यात आधार केंद्राची मशीन एक दिवस कॅम्पसवर आणवली, तर निम्मे काम तिथेच होईल.

विषयांच्या निवडीबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल. बऱ्याच ठिकाणी आता पहिल्या वर्षी तीन विषय सारख्या क्रेडिटचे घ्यायचे असतात आणि दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर म्हणजे मुख्य, एक मायनर म्हणजे दुय्यम ठरवून तिसरा सोडायचा असतो. म्हणजे जून-जुलैत प्रवेश अर्जावर जे तीन विषय लिहिले जातात, त्यांच्या बाहेरचा मेजर नंतर मिळणे कठीण. आणि ऑनर्स होते ती मेजरमध्येच. असे असूनही हे तीन विषय मुले कशी निवडतात? मैत्रिणीने घेतले म्हणून, किंवा प्रवेश समितीच्या टेबलावर ‘याच ग्रुपला जागा आहे’ असे सांगितले म्हणून. एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे: या विषयाचे चौथे वर्ष याच महाविद्यालयात असणार आहे का? संशोधनासह ऑनर्ससाठी विभागात विद्यापीठाने मान्यता दिलेले संशोधन मार्गदर्शक लागतात, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय लागते. तालुक्याच्या प्रत्येक महाविद्यालयात प्रत्येक विषयाला हे असेलच असे नाही. नसेल तर तसे प्रवेशाच्या वेळीच सांगावे आणि चौथ्या वर्षासाठी जवळचे कोणते महाविद्यालय आहे तेही सांगावे. यात कमीपणा नाही. विद्यार्थी पळून जातील या भीतीने ही माहिती दडवणे मात्र त्या मुलांवर अन्याय करणारे आहे.

प्रत्येक पेपरचे तास किती, हेही मुलांनी समजून घ्यावे. थिअरीचे एक क्रेडिट म्हणजे सत्रात १५ तास, प्रात्यक्षिकाचे एक क्रेडिट म्हणजे ३० तास. दोन क्रेडिटचे प्रात्यक्षिक म्हणजे ६० तास प्रयोगशाळेत उभे राहणे. पुढे चार क्रेडिटची कार्यप्रशिक्षणाची, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी शिकण्याची अट येईल, ती १२० तासांची. हे तास सुट्टीत उरकू असे म्हणणाऱ्यांना मे महिन्यात जागाच मिळत नाही.

केंद्र सरकारच्या स्वयम् व्यासपीठावरचा किंवा आयआयटींच्या एनपीटीईएल उपक्रमाचा ऑनलाइन अभ्यासक्रम करून काही क्रेडिट मिळवता येतात. आठ आठवड्यांचा असेल तर दोन, बारा आठवड्यांचा असेल तर तीन. एनपीटीईएलमध्ये दर आठवड्याच्या गृहपाठाला २५ आणि केंद्रावरच्या परीक्षेला ७५ गुण असतात. गृहपाठात किमान १० आणि परीक्षेत किमान ३० असले तरच प्रमाणपत्र. अभ्यासक्रमाला नाव घालणे आणि परीक्षेला नाव घालणे या दोन वेगळ्या नोंदण्या आहेत, आणि दुसरी विसरल्याने बारा आठवडे वाया जातात. शिवाय तो अभ्यासक्रम आपल्या पेपरऐवजी चालेल, असे विभागाकडून आधी लेखी घ्यावे. प्रथम वर्षाच्या पहिल्या सत्रात मात्र या फंदात पडूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता ऑनर्सच्या गाभ्याकडे येतो. संशोधन सातव्या सत्रात शिकवायला घेतले तर उशीर झालेला असतो. त्याची सवय पहिल्या वर्षीच, छोट्या आणि गावाजवळच्या कामातून लावता येते. आपला भाग त्या दृष्टीने समृद्ध आहे. वाणिज्यच्या मुलाने सांगली बाजार समितीतील हळदीची महिनाभराची आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर रोज वहीत उतरवले तरी पुरे. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे तीस दिवसांच्या दरांची नुसती सरासरी काढणे. ज्या दिवशी पाच हजार क्विंटल माल आला आणि ज्या दिवशी दोनशे, त्या दोन दिवसांना सारखे वजन देऊन चालत नाही. दराला आवकेने गुणून मगच भागाकार करायचा. इतिहासाच्या मुलीला औंधचे श्री भवानी संग्रहालय जवळ आहे. तिने एकच चित्र निवडून त्याचे माप, माध्यम, सही आणि फलकावरची नोंद टिपून दोन पाने लिहावीत.

भूगोल किंवा पर्यावरणाच्या मुलांसाठी माण-खटाव, जत, आटपाडी या भागातली विहीर उत्तम प्रयोगशाळा आहे. पाच विहिरींच्या पाण्याची पातळी पावसाळ्याआधी आणि ऑक्टोबरमध्ये मोजायची, एवढेच काम. ते नीट करायचे तर असे. तीस मीटरची टेप घ्यावी, टोकाला वजन बांधावे आणि खालच्या मीटरभर भागाला खडू फासावा. कठड्यावर ऑइलपेंटने एक खूण करावी आणि दरवेळी तिथूनच टेप सोडावी. वजन पाण्यात गेले, की खुणेजवळ टेपचा पूर्ण मीटरचा आकडा धरून नोंदवावा. टेप वर ओढली की खडू जिथवर भिजला तो आकडा वाचावा. पहिल्यातून दुसरा वजा केला की खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मिळते. त्यातून कठड्याची उंची वजा केली की जमिनीपासूनची खोली. चूक होते ती पंपामुळे. मोटर नुकतीच बंद झालेली असेल तर विहीर भरून यायला वेळ लागतो आणि पातळी उगाच खोल दिसते. म्हणून शेतीच्या विजेची पाळी कधी होती ते मालकाला विचारून, पंप बराच वेळ बंद असताना, शक्यतो पहाटे मोजावे. तारीख, वेळ, पंप शेवटचा कधी चालला आणि मागच्या आठवड्यात पाऊस झाला का, हे चार रकाने वहीत असलेच पाहिजेत. खूण दरवेळी बदलली तर फूटभर फरक आपोआप पडतो, आणि मुले त्यालाच ‘पातळी वाढली’ म्हणून लिहितात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते, तिच्या नोंदींशी आपले आकडे ताडून पाहता येतात. मालकाची परवानगी घ्यावी, कधीही एकट्याने जाऊ नये आणि ढासळलेल्या कठड्याच्या विहिरीवर तर मुळीच नाही.

हे काम केलेल्या मुलाला ‘पद्धत’, ‘त्रुटी’, ‘तुलना’ म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. चौथ्या वर्षी मार्गदर्शकासमोर तो स्वतःचा प्रश्न घेऊन बसतो. दिवाळीपर्यंत दोन पानांचा, स्वतःच्या हाताने लिहिलेला असा एक अहवाल प्रत्येक प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याकडून घ्यावा. इंटरनेटवरून उतरवलेली वीस पाने स्वीकारूच नयेत.

यासाठी वाचायला काय मिळणार? ग्रंथालयाचे ओळखपत्र सत्र संपत आले तरी न काढलेली मुले असतात. एन-लिस्ट या ई-ग्रंथालय योजनेचे सदस्यत्व असलेल्या महाविद्यालयांत हजारो ई-जर्नल आणि ई-पुस्तके विद्यार्थ्यांना घरबसल्या वाचता येतात. ग्रंथपालांकडे नाव आणि ई-मेल दिला, की लॉगिन मेलवर येते. देशभरातले पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर कोणालाही खुले आहेत, त्यात मराठीतलेही भरपूर आहेत. ग्रंथपालांना स्वागताच्या कार्यक्रमात वीस मिनिटे द्यावीत आणि वीस-वीस मुलांच्या गटाने एकदा संगणकापुढे बसवून हे लॉगिन तिथेच सुरू करून घ्यावे.

वीसचाच गट मार्गदर्शक प्राध्यापकाला हवा. अभियांत्रिकीसाठी तंत्रशिक्षण परिषदेने तीन आठवड्यांचा प्रेरण कार्यक्रम आखला, त्यात एका प्राध्यापकाकडे साधारण वीस मुले असावीत असे धरले आहे. अनुदान आयोगाने इतर अभ्यासक्रमांसाठी २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ ही मार्गदर्शिका काढली. कागदावर मार्गदर्शक सगळीकडे नेमलेले आहेत. प्रत्यक्षात एका प्राध्यापकाच्या यादीत साठ-सत्तर नावे असली, की चेहरेही लक्षात राहत नाहीत. वीस मुलांना प्रत्येकी पंधरा मिनिटे म्हणजे पाच तास. रोज अर्धा तास दिला तर दहा दिवसांत सर्वांशी एकेकट्याने बोलून होते. त्या पंधरा मिनिटांत विचारायचे ते साधेच: गाव कोणते, एसटी किती वाजता, फोन स्वतःचा की घरात एकच, बारावीचे माध्यम कोणते, शिष्यवृत्तीचा अर्ज भरला का, तीन विषय का घेतले, सकाळी कामाला जावे लागते का. ‘कमवा आणि शिका’ची परंपरा असलेल्या जिल्ह्यात हा शेवटचा प्रश्न विचारायलाच हवा. भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ मध्ये वसतिगृह सुरू केले तेव्हा आलेल्या मुलाच्या राहण्याची, जेवणाची आणि कामाची सोय आधी पाहिली. पहाटे काम करून आलेल्या मुलाचे प्रात्यक्षिक पहिल्या तासाला ठेवायचे की तिसऱ्या, हे मार्गदर्शकाने वेळापत्रकात बघावे.

शिष्यवृत्तीबाबत एवढेच, की महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा अर्ज दरवर्षी नव्याने किंवा नूतनीकरणाने भरावा लागतो. एकदा भरला म्हणजे झाले, असे नाही. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असावे लागते आणि त्यासाठी तहसीलचा दाखला लागतो. पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जातात. मुलाची दोन खाती असतील आणि आधार जुन्या, न वापरलेल्या खात्याला जोडलेले असेल तर रक्कम तिकडे जाते आणि मुलगा वर्षभर ‘आली नाही’ म्हणून फिरत राहतो. बँकेत जाऊन आधार कोणत्या खात्याला जोडले आहे, हे अर्ज भरण्याआधी पाहावे.

रॅगिंगविरोधी हमीपत्र विद्यार्थी आणि पालक दोघांनीही भरायचे असते. राष्ट्रीय मदतवाहिनीचा १८००-१८०-५५२२ हा क्रमांक वसतिगृहाच्या दारावर, डोळ्यांच्या उंचीवर लावलेला असावा.

आता वेळेचा प्रश्न. विज्ञान शाखेत जुलैत वर्गात बसलेल्या मुलांपैकी बरीचशी अभियांत्रिकी, फार्मसी, कृषीच्या कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्यांची वाट पाहत असतात. फेऱ्या लांबल्या की ऑगस्ट उलटेपर्यंत पट हलता राहतो. काही जातात, त्यांच्या जागी नवे येतात. म्हणून महाविद्यालये स्वागत कार्यक्रम पुढे ढकलतात, किंवा आधी उरकून टाकतात आणि उशिरा आलेल्यांना काहीच मिळत नाही. यावर उपाय आहे. कार्यक्रम दोनदा करावा. पहिला वर्ग सुरू होताच तीन दिवसांचा, त्यात श्रेणीचे गणित, अपार आयडी, ग्रंथालय आणि मार्गदर्शकाची ओळख. दुसरा कॅप फेऱ्या संपल्यावर तीन दिवसांचा, नव्यांना तेच सारे आणि जुन्यांना पहिल्या चाचणीच्या गुणांवर बोलणे. उशिरा आलेल्यांसाठी बुडालेल्या अंतर्गत चाचणीची एक जादा संधी याच दिवसांत द्यावी.

शेवटी पालक. ‘चौथे वर्ष कशाला?’ हा त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर सर्वांना एकच नाही. राज्यसेवेची किंवा इतर स्पर्धा परीक्षा द्यायची असेल तर तीन वर्षांची पदवी पुरते. अशा मुलीला ऑनर्सचा आग्रह धरू नये. पदव्युत्तर शिक्षण घ्यायचेच असेल तर तीन अधिक दोन काय आणि चार अधिक एक काय, वर्षे पाचच. फरक पडतो तो संशोधनात. आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असणाऱ्याला थेट पीएच.डी.च्या प्रवेशासाठी अर्ज करता येतो, राखीव प्रवर्गांना आणि दिव्यांगांना त्यात पाच टक्के सवलत आहे. हे पालकांना समोर बसवून मराठीत सांगावे लागेल. सभा सकाळी अकराला ठेवावी, म्हणजे पाटण, मेढा, दहिवडीकडून आलेल्यांना दुपारच्या गाडीने घरी पोचता येईल. जाताना त्यांच्या हातात एक कागद द्यावा. त्यावर अंतर्गत चाचण्यांच्या तारखा, परीक्षा अर्जाची मुदत, महाडीबीटीची मुदत, मुलाच्या मार्गदर्शक प्राध्यापकांचे नाव आणि कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरांत छापलेला असावा.

कळावे,

आपले विश्वासू,
पदवीचे वर्ग शिकवणारे काही प्राध्यापक, सातारा